किळस वरच्या शहराची, पाणी खालच्या गावाचं

‘म्हणजे आता गटाराचं पाणी प्यायचं का?’ पाणीटंचाईच्या चर्चेत सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेलाच. सभागृहात तो विचारला जातो, वाचकांच्या पत्रांत छापून येतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर त्यावर विषयच मिटतो. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. नाक मुरडलं की वाद जिंकला, अशी त्याची खात्री असते. वर्षानुवर्षं हा प्रश्न ऐकून माझा संयम संपला आहे, कारण या नाक मुरडण्याची किंमत मुरडणारा कधीच मोजत नाही. ती दुसराच कोणीतरी मोजतो.

या मताची बाजू पूर्ण ताकदीने मांडायची तर ती अशी: माणसाच्या मैल्यातून आलेलं पाणी कितीही गाळलं तरी पिण्याजोगं होत नाही. त्यात रोगजंतू राहतात, औषधांचे अंश राहतात आणि त्यांचे परिणाम आज दिसले नाहीत तरी वीस वर्षांनी दिसतील. असले प्रयोग श्रीमंत आणि शिस्तीच्या देशांनी करावेत, आपल्याकडे साधं मैलाशुद्धीकरण केंद्र धड चालत नाही. शिवाय गरजच काय? समुद्र आहे, तो गोडा करा. नद्या आहेत, त्या जोडा. पण नळाला गटार जोडू नका.

यातलं एकच वाक्य खरं आहे, त्याकडे पुढे येतो. बाकीची मांडणी 1968 पासून रोज खोटी ठरते आहे, आणि ती खोटी ठरवणारं शहर श्रीमंत देशातलं नाही.

ते शहर विंडहोक, नामिबियाची राजधानी. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत नामिबियाइतका कोरडा देश दुसरा नाही. देशाच्या पोटात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. कुनेने, ओकावांगो, झांबेझी, ऑरेंज या नद्या फक्त सीमाभागातून वाहतात. विंडहोकला वर्षाला सरासरी 360-370 मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या माणदेशाहूनही कमी. आणि ऊन असं की उघड्या जलाशयातून वर्षाला तीन मीटरपेक्षा जास्त पाण्याचा थर वाफ होऊन जातो. शहरासाठी फॉन बाख, स्वाकोपपूर्ट, ओमाटाको अशी धरणं आहेत, पण ज्या नद्यांवर ती बांधली त्या पावसाळ्यातले थोडेच दिवस वाहतात. सर्वांत जवळची बारमाही नदी सुमारे 700 किलोमीटरवर आहे. समुद्र सुमारे 300 किलोमीटरवर आणि शहर साडेसोळाशे मीटर उंचीवर. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसांपुढे सांडपाण्याबद्दल मत बाळगण्याची चैन नव्हती. देश दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात असताना, 1968 मध्ये, गोरेआंगाब इथे शहराच्या सांडपाण्यातून पिण्याचं पाणी करणारं केंद्र सुरू झालं. जगातलं ते या प्रकारचं पहिलंच. सुरुवातीची क्षमता रोज पन्नास लाख लिटरपेक्षाही कमी होती. 2002 मध्ये त्याच्या शेजारी नवं केंद्र उभं राहिलं, त्याची क्षमता रोज 2 कोटी 10 लाख लिटर. धरणाच्या पाण्यात मिसळून हे पाणी शहराच्या पुरवठ्यात जातं आणि मिश्रणात त्याचा वाटा 35 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. 2015-16 च्या दुष्काळात धरणं तळाला गेली, तेव्हा भरवशाच्या मोजक्या स्रोतांपैकी हा एक उरला. पावसाने दगा दिला तरी माणसं आंघोळ करतात, भांडी घासतात, संडासात पाणी ओततात. कोरड्या देशात सर्वांत नेमाने येणारं पाणी हेच.

आता ‘कितीही गाळलं तरी’ या शब्दांकडे येऊ. गोरेआंगाबमध्ये नेमकं काय होतं ते हे शब्द वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिलं आहे? आधी शहराचं मैलापाणी गॅमॅम्स इथल्या केंद्रात जिवाणूंच्या मदतीने शुद्ध होतं. आपल्याकडचं चांगलं मैलाशुद्धीकरण केंद्र जिथे थांबतं, तिथून गोरेआंगाबचं काम सुरू होतं. पाण्यात कोळशाची पूड आणि ओझोन सोडतात. मग लोहाचा क्षार घातला की डोळ्यांना न दिसणारे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. हे पुंजके तळाला बसण्याची वाट पाहत नाहीत. खालून हवेचे अतिबारीक बुडबुडे सोडतात, ते पुंजक्यांना उचलून वर आणतात आणि वरची साय खरवडून काढतात. पुढे अँथ्रासाइट आणि वाळूच्या थरांतून गाळणी. नंतर पुन्हा ओझोन, या वेळी भरपूर. ओझोन विषाणूंना मारतो, शिवाय औषधांचे आणि रसायनांचे मोठे रेणू तोडतो. तुटलेले तुकडे पुढच्या टाकीतल्या कोळशाच्या दाण्यांवर वस्ती करून असलेले जिवाणू खातात. त्यांच्याकडून सुटलेलं पुढचे दोन कोळशाचे थर शोषून घेतात. त्यानंतर अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून पाणी ढकललं जातं, त्यातून जिवाणू पार होत नाहीत. शेवटी क्लोरीन.

या रचनेतली अक्कल अशी की एकाही टप्प्यावर पूर्ण भरवसा ठेवलेला नाही. एक अडथळा चुकला तर पुढचा आहे, तो चुकला तर त्याच्या पुढचा. मोजमाप सतत चालू असतं, आणि एखाद्या टप्प्यावर पाणी ठरलेल्या कसोटीला उतरलं नाही तर केंद्र ते आतल्या आत फिरवत ठेवतं, शहराकडे एक थेंब सोडत नाही. आपल्या कुठल्या नदीला अशी सोय आहे? पाणी बिघडलं म्हणून कुठली नदी स्वतःहून थांबते?

‘वीस वर्षांनी दिसेल’ म्हणणाऱ्यांसाठीही उत्तर आहे. विंडहोकमध्ये 1974 ते 1983 या काळातल्या आजारांचा अभ्यास झाला आणि 1988 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुनर्शुद्ध पाणी पिणाऱ्यांमध्ये त्या पाण्यामुळे जुलाबाचे आजार वाढल्याचं आढळलं नाही. आजारांचा संबंध राहणीमानाशी आणि गरिबीशी लागला. त्यानंतरही दशकं लोटली. वीस वर्षांची मुदत मागणाऱ्यांना पन्नासहून जास्त मिळाली, तरी ते अजून वीस मागणार असतील तर ती शंका विज्ञानाची राहिलेली नाही.

औषधांच्या आणि रसायनांच्या अंशांची भीती मात्र मी झटकून टाकत नाही. सांडपाण्यात ते अंश असतातच. म्हणूनच विंडहोकने सुरुवातीपासून एक कडक नियम पाळला: कारखान्यांचं सांडपाणी या केंद्राकडे येऊच द्यायचं नाही. ते वेगळ्या वाहिन्यांनी उजाम्सच्या वेगळ्या केंद्रात जातं. घरातलं सांडपाणी कशाने मळलेलं आहे याचा अंदाज बांधता येतो, कारखान्याचं येत नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखानदारीच्या मधून वाहणाऱ्या नद्यांत कोणतं पाणी कुठून आलं हे आपण असं निवडून ठेवलं आहे का? मग रसायनांची काळजी असलेल्यांनी आधी कोणत्या पाण्याला भ्यायला हवं?

समुद्राची गोष्ट घेऊ, कारण तिच्यावर आपल्या लोकांचा फार जीव आहे. खुद्द नामिबियाने समुद्राचं पाणी गोडं केलेलं आहे. युरेनियमच्या खाणीसाठी बांधलेलं केंद्र किनाऱ्यावर 2010 मध्ये सुरू झालं. किनाऱ्यावरच्या गावांना आणि खाणींना ते योग्यच आहे. पण विंडहोकसाठी हिशेब करून पाहा. खारं पाणी पडद्यांतून दाबून गोडं करायला हजार लिटरमागे तीन ते चार युनिट वीज लागते. तेच हजार लिटर साडेसोळाशे मीटर उंचावर चढवायला, पंपाची आणि पाइपाची तूट शून्य धरली तरी, साडेचार युनिट लागतात. म्हणजे गोडं करण्यापेक्षा वर चढवणं महाग. त्यात तूट धरा, तीनशे किलोमीटरची पाइपलाइन धरा. समुद्राच्या एका लिटरात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. शहराच्या सांडपाण्यात त्याचा फार लहान अंश असतो, आणि ते शहराच्या दारातच असतं. जे पाणी एकदा खर्च करून वर आणलं, शुद्ध केलं, घराघरांत पोचवलं, ते एकाच वापरानंतर टाकून द्यायचं आणि 35 ग्रॅम क्षारांच्या पाण्यामागे धावायचं, हा कुठला व्यवहार?

इथे नामिबियाच्या पद्धतीची आणखी एक गोष्ट आपल्या अभियंत्यांनी पाहण्यासारखी आहे. सिंगापूरने 2003 पासून ‘न्यूवॉटर’ नावाने, आणि कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीने 2008 पासून भूजल भरण्यासाठी, सांडपाणी शुद्ध करताना क्षार काढणारे पडदे वापरले. त्यांतून मागे उरणारं खारट पाणी समुद्राजवळच्या शहरांना कुठेतरी सोडता येतं. समुद्रापासून लांबच्या शहराने ते कुठे टाकायचं? विंडहोकने ओझोन आणि कोळशाचा रस्ता धरला, त्यामुळे ही अडचणच उभी राहिली नाही. या रस्त्याने क्षार निघत नाहीत, म्हणून धरणाचं पाणी मिसळावं लागतं, एवढी मर्यादा आहे. सोलापूर, लातूर, बीड यांच्यासाठी कोणता नमुना जवळचा, हे नकाशा उघडला की कळतं. आणि तंत्र परकं म्हणावं तर गोरेआंगाब चालवणाऱ्या कंपनीत ज्या वाबाग कंपनीची भागीदारी राहिली आहे, तिचं मुख्यालय चेन्नईत आहे.

नदीजोडणीवाल्यांनी 1996-97 चा नामिबिया आठवावा. दुष्काळात ओकावांगोचं पाणी पाइपलाइनने आत आणण्याची तातडीची योजना पुढे आली. खाली बोट्स्वानात त्या नदीचा विख्यात त्रिभुज प्रदेश आहे. बोट्स्वाना अस्वस्थ झाला, दोन देशांत ताण आला, पाऊस पडला आणि योजना मागे पडली. दुसऱ्याच्या नदीवर हक्क सांगायला दुसऱ्याची संमती लागते. जायकवाडीत पाणी सोडायचं की नाही यावर नाशिक, नगर आणि मराठवाडा कितीदा कोर्टात उभे राहिले, हे महाराष्ट्राला सांगायला नको. स्वतःच्या सांडपाण्यावर मात्र कुठल्याही शहराशी कोणी भांडायला येत नाही.

आता किळसेबद्दल. या वादात मला सर्वांत जास्त संताप तिचाच आहे.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि पवनेतून भीमेत जातं. त्यातलं काही शुद्ध केलेलं असतं, काही अर्धवट, काही जसंच्या तसं. भीमा ते उजनीत आणते. उन्हाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर जाऊन उभं राहा. पाणी हिरवं दिसतं, काठाला जलपर्णीचे थर साचलेले असतात आणि वाऱ्याबरोबर वास येतो. त्याच उजनीतून सोलापूर शहर पिण्याचं पाणी उचलतं. भीमाकाठची गावं तेच पितात. आषाढीला लाखो वारकरी ज्या चंद्रभागेत स्नान करतात, तीही हीच भीमा. वर गोदावरीचं तसंच आहे. नाशिकपासून खालच्या वस्त्यांचं सांडपाणी घेऊन ती पैठणला नाथसागरात येते आणि छत्रपती संभाजीनगर, जालना तिथून पाणी घेतात.

मग गटाराचं पाणी प्यायचं का, हा प्रश्न कोणासाठी आहे? महाराष्ट्रातली लाखो माणसं ते आजच पीत आहेत. फरक इतकाच की विंडहोकमध्ये ते दहा अडथळे ओलांडून, मोजून, जाहीरपणे नळात येतं. आपल्याकडे ते नदीत लपवून, न मोजता, खालच्या गावाला दिलं जातं आणि त्या गावाच्या जुन्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या तुरटीवर आणि ब्लीचिंग पावडरवर सोपवलं जातं. पुण्याच्या माणसाची किळस इतकी नाजूक आहे की स्वतःच्या सांडपाण्याचा विचारही त्याला सहन होत नाही. ते सोलापूरच्या माणसाने प्यावं, हे मात्र त्याला कधी खटकलेलं नाही.

यावर सांगतात की नदी पाणी शुद्ध करते. वाहती नदी थोडं करते, हे खरं. पण उन्हाळ्यात मुठेत शहराच्या सांडपाण्याखेरीज वाहतं काय? धरणाने अडवलेली, पात्रात रस्ते घातलेली, राडारोड्याने अरुंद केलेली नदी कोणता मैला पचवणार? ओझोनच्या टाकीत किती वेळ किती मात्रा मिळाली ते कागदावर लिहिलेलं असतं. नदीने काय केलं ते कोणी लिहितं का? विंडहोकच्या कामाचा पाया घालणाऱ्यांपैकी लुकास व्हान व्यूरेन यांचं म्हणणं होतं की पाण्याची पारख त्याच्या पूर्वायुष्यावरून करू नये, आज ते कसं आहे यावरून करावी. आपण उलट वागतो. पूर्वायुष्य नदीत बुडवलं की पारखच करत नाही.

किळसेने निर्णय घेतल्यावर काय होतं तेही जगाने पाहिलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या टुवूम्बा शहरात 2006 मध्ये मतदान झालं आणि सुमारे 62 टक्के लोकांनी पुनर्शुद्ध पाणी नाकारलं. पुढे त्या शहराला लांबच्या धरणातून पाइपलाइनने पाणी चढवून आणावं लागलं. दुसरीकडे दक्षिण आफ्रिकेतल्या बोफर्ट वेस्टने 2011 मध्ये आणि टेक्सासमधल्या बिग स्प्रिंगने 2013 मध्ये दुष्काळाच्या रेट्याखाली विंडहोकचाच मार्ग धरला. कॅलिफोर्नियाने डिसेंबर 2023 मध्ये सांडपाण्यापासून थेट पिण्याचं पाणी करण्याचे नियम मंजूर केले. नाक मुरडायचं की नाही हा वाद जगात मागे पडतो आहे.

आता ते एक खरं वाक्य: आपल्याकडे मैलाशुद्धीकरण केंद्रं धड चालत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते 20,236 दशलक्ष लिटरवर. बाकीचं नद्यांत, नाल्यांत, खाड्यांत जातं. हा आकडा पुढे करून म्हणतात की बघा, म्हणून पुनर्वापर नको. मी म्हणतो, म्हणूनच हवा. केंद्रं बंद का पडतात? ती बंद पडल्याने शहराचं काहीच बिघडत नाही म्हणून. पंप थांबला, विजेचं बिल थकलं, कंत्राटदार निघून गेला, तरी त्या शहराच्या नळाला दुसऱ्या दिवशी स्वच्छच पाणी येतं, कारण ते वरच्या धरणातून येतं. या चुकीचा भार खालच्या गावावर पडतो आणि खालच्या गावाला वरच्या महापालिकेत मत नाही. विंडहोकचं केंद्र का चालतं? ते ज्यांच्या हातात आहे त्यांच्या घरी तेच पाणी येतं म्हणून. ते गोऱ्यांचं राज्य असताना चाललं, 1990 च्या स्वातंत्र्यानंतरही चाललं, सरकारं बदलली तरी चाललं. शिस्त आधी येईल आणि पुनर्वापर मग, अशी वाट पाहणाऱ्यांना शिस्त कधीच भेटणार नाही.

आणि आपल्याला हे जमतच नाही म्हणावं, तर नागपूरकडे पाहा. भांडेवाडीत शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांना जातं. वीजकेंद्राला पाणी वेळेवर आणि ठरलेल्या दर्जाचं लागतं, म्हणून ते तसं दिलं जातं. मागणारं गिऱ्हाईक समोर उभं असलं की आपली यंत्रणा चालते.

मुंबईचं उदाहरण तर बोलायलाच हवं. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा महापालिकेचा प्रकल्प रोज 200 दशलक्ष लिटरचा, पुढे 400 पर्यंत वाढवण्याचा आहे. त्याच महापालिकेच्या उभ्या राहत असलेल्या सात मैलाशुद्धीकरण केंद्रांची मिळून क्षमता रोज 2,464 दशलक्ष लिटर आहे. तानसा, भातसा, वैतरणेचं गोडं पाणी आदिवासी पाड्यांच्या उशाशी अडवून शंभर किलोमीटरवरून आणायचं, एकदा वापरून समुद्रात सोडायचं, मग त्याच समुद्राचं खारं पाणी वीज जाळून गोडं करायचं. शहापूरच्या पाड्यांवर बायका उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला उतरतात, त्यांना हा हिशेब कोण समजावून सांगणार?

सगळीकडे उद्याच नळाला पुनर्शुद्ध पाणी जोडा, असं मी म्हणत नाही. कारखाने, बांधकामं, बागा, वीजकेंद्रं यांना आधी हेच पाणी सक्तीने द्या. विंडहोकमध्येही बागांना आणि मैदानांना कमी शुद्ध केलेलं पाणी वेगळ्या नळांनी जातं. कारखान्यांचं सांडपाणी घरगुती सांडपाण्यापासून वेगळं करा, कारण त्याशिवाय पुढचं काहीच शक्य नाही. मोजमापाचे आकडे रोज लोकांपुढे ठेवा. पण पिण्याचं पाणी हा शेवटचा मुक्काम म्हणून आजच कागदावर लिहा आणि तिथवरची तारीख ठरवा. ते न लिहिता नुसता ‘पुनर्वापर’ म्हणत राहिलो तर पुढची तीस वर्षं आपण दुभाजकावरची झाडं भिजवत बसू.

आणि तोवर सरकारने एवढा एक कायदा करावा: कोणत्याही शहराने नदीतून पाणी उचलण्याची जागा त्याच शहराचं सांडपाणी नदीला मिळतं त्या ठिकाणाच्या खाली असली पाहिजे. पुण्याचा एक तरी जॅकवेल मुळा-मुठेच्या संगमाच्या खाली बसवा, नाशिकचा गोदावरीत शहराच्या नाल्यांच्या खाली. बंद पडलेली सगळी मैलाशुद्धीकरण केंद्रं त्याच वर्षी सुरू होतील.